मुंबई ते टोकियो: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढावा

मुंबईहून टोकियोला विमानाने किती वेळ लागतो, असे शोधले तर अनेक संकेतस्थळांवर एकच उत्तर मिळते: सुमारे नऊ तास. हे उत्तर जाताना जवळजवळ तासाभराने जास्त असते आणि येताना अर्ध्या-पाऊण तासाने कमी, म्हणजे दोन्ही वेळा चुकीचे. त्यामागचा हिशेब साधा आहे. दोन ठिकाणांमधले अंतर घ्यायचे, त्याला ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासच्या एखाद्या ठरीव वेगाने भागायचे आणि वर अर्धा तास मिळवायचा. विमान पूर्वेला चालले आहे की पश्चिमेला, महिना जानेवारीचा आहे की जुलैचा, याची त्या भागाकाराला काहीच कल्पना नसते. पूर्व आशियाच्या बाबतीत नेमके तेच महत्त्वाचे असते. अंतर एकच असले तरी वेळ दोन असतात, आणि ते वेगवेगळे काढावे लागतात. त्यासाठी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

अंतर काढणे

पहिला प्रश्न असा की अंतर कोठून कोठपर्यंतचे. शहरांमधले अंतर म्हणून जे आकडे दिलेले असतात, त्यांत कोणी शहराचा मध्य धरतो, कोणी विमानतळ, आणि त्यामुळे पाच-पन्नास किलोमीटरचा फरक सहज पडतो. विमानप्रवासासाठी विमानतळच धरावा. टोकियोला दोन विमानतळ आहेत. हानेदा हे शहराच्या हद्दीत, टोकियो उपसागराच्या काठावर आहे, तर नारिता शहराच्या पूर्वेला सुमारे साठ किलोमीटरवर, शेजारच्या चिबा प्रांतात आहे. हवेतल्या वेळेत या दोहोंमुळे फारसा फरक पडत नाही, परंतु उतरल्यानंतरच्या वेळेत चांगलाच पडतो. मुंबईकडेही आता सांताक्रूझ-अंधेरीच्या जुन्या विमानतळाच्या जोडीला नवी मुंबईचे विमानतळ आले आहे. त्यामुळे तिकिटावर शहराचे नाव न वाचता विमानतळाचे तीन अक्षरी चिन्ह वाचण्याची सवय लावून घ्यावी: बीओएम म्हणजे जुने, एनएमआय म्हणजे नवे, एनआरटी म्हणजे नारिता आणि एचएनडी म्हणजे हानेदा.

आपण मुंबईचे जुने विमानतळ आणि नारिता घेऊ. मुंबई विमानतळाचे अक्षांश १९.०९ उत्तर आणि रेखांश ७२.८७ पूर्व आहे. नारिताचे अक्षांश ३५.७६ उत्तर आणि रेखांश १४०.३९ पूर्व. मोबाइलवरच्या कोणत्याही नकाशात विमानतळावर बोट दाबून धरले की हे आकडे दिसतात. दोन रेखांशांची वजाबाकी ६७.५२ अंश येते. आता मोबाइल आडवा धरून वैज्ञानिक कॅल्क्युलेटर उघडावा आणि तो अंशांवर लावलेला आहे याची खात्री करावी, कारण तो रेडियनवर राहिला असेल तर उत्तर भलतेच येते. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा, तो ०.१९११ येतो. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचे कोसाइन या तिन्हींचा गुणाकार करावा, तो ०.२९३२ येतो. दोहोंची बेरीज ०.४८४३. या बेरजेचे उलट कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) घेतले की ६१.०३ अंश मिळतात. पृथ्वीच्या केंद्रातून पाहिले असता मुंबई आणि नारिता यांच्यामध्ये इतका कोन होतो.

पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, म्हणजेच सुमारे १११.२ किलोमीटर. गुणाकार केल्यावर अंतर सुमारे ६,७९० किलोमीटर येते. पृथ्वी पूर्ण गोल नसल्यामुळे या रीतीने काढलेल्या अंतरात थोडी चूक राहते, परंतु ती अर्ध्या टक्क्याच्या पुढे सहसा जात नाही आणि वेळेच्या हिशेबात ती दोन-तीन मिनिटांचीच ठरते. तिच्यासाठी अधिक किचकट सूत्रांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

नकाशावरची रेघ आणि आकाशातली वाट

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि टोकियो पट्टीने जोडले, तर ती रेघ छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, बांगलादेश, म्यानमार आणि दक्षिण चीन अशी जाते. गोलावर दोरा ताणून धरला, तर तो त्याहून बराच उत्तरेकडे सरकतो. वरच्याच सूत्राने मधले बिंदू काढले असता ही सर्वांत जवळची वाट पाटण्याच्या आसपासहून, पुढे सिलिगुडीच्या शेजारून, भूतान आणि पूर्व तिबेट ओलांडून, चीनच्या सिचुआन प्रांतावरून आणि शेवटी दक्षिण कोरियातल्या देगू शहराजवळून जपानमध्ये शिरते. मात्र या दोन वाटांच्या लांबीत फरक जेमतेम शंभर किलोमीटरचा आहे. युरोपहून अमेरिकेला जाताना गोलावरची वाट बरेच अंतर वाचवते. आपण विषुववृत्ताच्या अधिक जवळून निघत असल्यामुळे आपली बचत थोडकी असते.

आणि तेवढीही बचत सहसा पदरात पडत नाही, कारण मध्ये तिबेटचे पठार आहे. या पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटरच्या आसपास आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला साधारण तीन हजार मीटरपर्यंत, म्हणजे माणसाला साध्या हवेत श्वास घेता येईल इतके, खाली यावे लागते. प्रवाशांच्या डोक्यावरच्या मुखवट्यांतला प्राणवायू तेवढ्या उतरणीपुरताच असतो. तो पंधरा-वीस मिनिटे चालतो. जेथे जमीनच साडेचार हजार मीटरवर आहे, तेथे तीन हजार मीटरपर्यंत उतरायचे कसे? म्हणून विमाने पठाराच्या दक्षिणेकडून, बांगलादेश आणि म्यानमारवरून चीनच्या युनान प्रांतात शिरतात.

या वळशाची किंमतही काढून पाहण्यासारखी आहे. मुंबई ते कोलकाता, कोलकाता ते युनानची राजधानी कुनमिंग आणि कुनमिंग ते नारिता असे तीन तुकडे वरच्याच सूत्राने मोजले तर ते अनुक्रमे सुमारे १,६६५, १,४९५ आणि ३,७५५ किलोमीटर येतात. बेरीज ६,९१५. म्हणजे पठार टाळण्याचा खर्च दोन टक्के, वेळेत सांगायचे तर आठ-नऊ मिनिटे. पुढच्या हिशेबासाठी आपण ६,९०० किलोमीटर धरू. दुसऱ्या कोणत्याही शहरजोडीसाठी थेट अंतरात दोन ते चार टक्के वाढवून घ्यावेत. वाटेत एखाद्या देशाचे आकाश बंद असेल तर मात्र ही टक्केवारी कामाला येत नाही. पाकिस्तानचे आकाश बंद झाल्यावर दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला. मुंबई-टोकियो वाटेला त्याचा काही संबंध नाही, कारण ती पहिल्यापासून पूर्वेलाच चालते.

वेळ काढणे, आणि वाऱ्याचे प्रकरण

या मार्गावर चालणारी बोइंग ७८७ सारखी मोठी विमाने ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने उडतात. अकरा किलोमीटर उंचीवर हवा फार थंड असल्यामुळे ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटरच्या जवळपास असतो, म्हणून विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरावा. ६,९०० भागिले ९०० म्हणजे सात तास चाळीस मिनिटे. चढताना आणि उतरताना विमान हळू असते व शेवटी धावपट्टीच्या दिशेने वळावे लागते, त्यासाठी अर्धा तास वाढवावा.

वेळापत्रकात छापलेला वेळ हवेतला नसतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. विमान गेटपासून मागे ढकलले गेले की तो सुरू होतो आणि दुसऱ्या गेटला लागून थांबले की संपतो. मधल्या जमिनीवरच्या सरकण्यासाठी दोन्ही टोके मिळून आणखी पंचवीस मिनिटे धरावीत. मुंबईच्या बाबतीत ही कंजुषी ठरू शकते. येथे धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमाने एकामागे एक रांगेत उभी राहतात. विमान कंपन्या हे जाणून असतात आणि वेळापत्रकातच थोडी सैल जागा ठेवतात. विमान वीस मिनिटे लवकर पोहोचल्याची घोषणा ऐकून आनंद जरूर मानावा, पण ती वीस मिनिटे बहुधा आधीच जमेत धरलेली असतात.

म्हणजे वारा नसेल तर गेटपासून गेटपर्यंत आठ तास पस्तीस मिनिटे. पण वारा नसतो असे या वाटेवर क्वचितच घडते.

हिमालयाच्या दक्षिण उतारापासून चीन आणि जपानपर्यंत, विमाने ज्या उंचीवर उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा पट्टा वाहत असतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. जगात हा प्रवाह जेथे सर्वांत जोरकस असतो अशा जागांपैकी एक खुद्द जपानच्या माथ्यावर आहे. हिवाळ्यात तेथे त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. त्याचा पद्धतशीर वेधही तेथेच प्रथम घेतला गेला. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात त्सुकुबाजवळच्या तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून या वाऱ्याची मोजणी केली. जगभर वाचले जावे म्हणून त्याने आपला अहवाल एस्पेरान्तो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत लिहिला आणि त्यामुळेच तो जगात फारसा कोणी वाचला नाही. नारिताहून ही जागा फार लांब नाही.

नदीत नाव चालवणाऱ्याला जो अनुभव येतो तोच विमानाला येतो: पाण्याच्या मानाने वेग तोच, काठाच्या मानाने वेगळा. विमानाचा ताशी ९०० किलोमीटर वेग हा हवेच्या मानाने असतो. हवाच पूर्वेकडे चालली असेल तर तिचा वेग जाताना मिळवायचा आणि येताना वजा करायचा. अर्थात सगळ्या वाटेवर वारा सारखा नसतो. मुंबई ते नागपूर तो बेताचा असतो, युनाननंतर वाढतो आणि पूर्व चीन समुद्रावर कमाल गाठतो. म्हणून हिशेबासाठी संपूर्ण वाटेची सरासरी धरावी लागते, आणि ती धरताना थोडा अंदाज अपरिहार्य आहे.

डिसेंबर ते फेब्रुवारीसाठी सरासरी ताशी ११० किलोमीटर धरून पाहू. जाताना जमिनीच्या मानाने वेग १,०१० होतो आणि ६,९०० किलोमीटरना सहा तास पन्नास मिनिटे लागतात. त्यात आपली पंचावन्न मिनिटे मिळवली की पावणेआठ तास. येताना वेग ७९० वर येतो, उड्डाणाला आठ तास चव्वेचाळीस मिनिटे लागतात आणि एकूण वेळ नऊ तास चाळीस मिनिटांच्या घरात जातो. एकाच वाटेवर जाण्यायेण्यात जवळजवळ दोन तासांचा फरक पडला. आणखी एक गंमत अशी की मागून आलेल्या वाऱ्याने पन्नास मिनिटे वाचवली, पण समोरून आलेल्या तितक्याच वाऱ्याने चौसष्ट मिनिटे खाल्ली. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, म्हणून नुकसान नेहमी फायद्यापेक्षा मोठे असते. जाण्यायेण्याच्या वेळांची सरासरी काढून वारा रद्द झाला असे समजू नये.

पावसाळ्यात जेट प्रवाह तिबेटच्या उत्तरेला सरकतो आणि मंदावतो. जुलै-ऑगस्टसाठी सरासरी ताशी चाळीस किलोमीटर धरली तर जायला सव्वाआठ तास आणि यायला आठ तास पंचावन्न मिनिटे येतात. फरक चाळीस मिनिटांवर आला. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात एका हंगामासाठी एकच वेळ छापावी लागत असल्याने तेथे साधारणपणे जाताना आठ तास आणि येताना साडेनऊ ते दहा तास दिसतात. वेळापत्रकाचा उन्हाळी हंगाम मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि हिवाळी हंगाम ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या दोन तारखांच्या आसपासचे तिकीट असेल तर सुटण्याची वेळ पुन्हा एकदा तपासून घ्यावी.

विमानात बसल्यावर हा हिशेब पडताळून पाहता येतो. आसनासमोरच्या पडद्यावर नकाशाचा पर्याय निवडला की जमिनीच्या मानाने वेग आणि वाऱ्याचा वेग असे दोन आकडे आलटून पालटून येतात. जानेवारीच्या रात्री टोकियोकडे जाताना, शांघाय मागे पडल्यानंतर पहिला आकडा १,१०० च्या पुढे गेलेला दिसला तर आश्चर्य वाटू देऊ नये.

सिंगापूरच्या प्रवासाला हे सगळे लागू पडत नाही. मुंबई-सिंगापूर अंतर सुमारे ३,९२० किलोमीटर आहे, वाट विषुववृत्ताकडे जाते आणि तेथे वरचे वारे मंद असतात. त्यामुळे जाण्यायेण्याच्या वेळांत फरक थोडाच राहतो. वारा धरायचा की नाही, हे शहरजोडीकडे पाहून ठरवावे: पूर्व-पश्चिम वाट पंचवीस ते पंचेचाळीस अक्षांशांच्या पट्ट्यातून जात असेल तर धरायचा, नाहीतर सोडून द्यायचा.

घड्याळाची गफलत

भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर ठरली आहे, जपानची आकाशी शहरातून जाणाऱ्या १३५ अंशांवर. फरक ५२.५ अंशांचा आणि दर पंधरा अंशांना एक तास, म्हणजे जपान आपल्या साडेतीन तास पुढे. दोन्ही देशांत उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत नाही, त्यामुळे हा फरक बारा महिने कायम असतो.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणची असते. समजा, मुंबईहून रात्री आठला सुटणारे विमान नारिताला सकाळी साडेसातला पोहोचते आणि पोहोचण्याच्या वेळेपुढे छोटा '+१' आहे, म्हणजे दुसरा दिवस. वरवर साडेअकरा तास दिसतात. त्यातून साडेतीन वजा केले की खरे आठ उरतात. परतीचे विमान नारिताहून सकाळी साडेअकराला सुटून मुंबईला संध्याकाळी साडेपाचला येत असेल, तर वरवर सहाच तास दिसतात आणि त्यात साडेतीन मिळवून साडेनऊ होतात. जाताना वजाबाकी, येताना बेरीज. परतीचे सहा तास खरे मानून लहान मुलांच्या खाण्याची आणि आईवडिलांच्या औषधांची तयारी करणारे लोक पुष्कळ असतात.

मुंबईहून टोकियोला संध्याकाळी किंवा रात्रीच का निघावे लागते, याचे एक उत्तरही याच गणितात आहे. नारिता लोकवस्तीच्या शेजारी असल्यामुळे मध्यरात्र उलटल्यावर पहाटे सहापर्यंत तेथे नेहमीची उड्डाणे बंद असतात. सकाळी सहाला उतरायचे तर त्यातून साडेतीन तास आणि आठ तास वजा करून मुंबईची संध्याकाळचे साडेसहा ही वेळ येते. त्याच्या आधी निघालेले विमान बंद विमानतळावर पोहोचेल. विमानतळ बंद होण्यापूर्वी पोहोचायचे तर दुपारी साडेबारापूर्वीच निघायला हवे. हानेदाला रात्रीही विमाने उतरतात, म्हणून तेथे जाणाऱ्या विमानांच्या वेळा अधिक सैल असू शकतात.

थांबा घेऊन जायचे असेल तर

थेट विमान महाग असते किंवा हव्या त्या दिवशी नसते, तेव्हा मध्ये उतरावे लागते. कोठे उतरल्याने वाट किती लांबते, हे तिकीट घेण्यापूर्वी काढावे. दिल्लीमार्गे एकूण अंतर सुमारे ७,०५० किलोमीटर होते, हाँगकाँगमार्गे ७,२३०, बँकॉकमार्गे ७,६८० आणि सिंगापूरमार्गे ९,२८०. नकाशावर हाँगकाँग आणि बँकॉक यांपैकी बँकॉक आपल्याला जवळचे वाटते, आणि ते आहेही; पण टोकियोच्या वाटेवर ते नाही. सिंगापूर तर सरळसरळ उलट्या अंगाला आहे.

प्रत्येक टप्प्याला आपली पंचावन्न मिनिटे वेगळी लागतात. त्यामुळे वारा सोडून हिशेब केला तरी दिल्लीमार्गे नऊ तास चाळीस मिनिटे, हाँगकाँगमार्गे नऊ तास पन्नास मिनिटे, बँकॉकमार्गे दहा तास वीस मिनिटे आणि सिंगापूरमार्गे बारा तास दहा मिनिटे होतात, आणि यात थांब्याचा वेळ धरलेलाच नाही. थांबा दोन तासांपेक्षा कमी नसावा, असे माझे मत आहे, आणि दिल्लीला देशांतर्गत विमानातून उतरून आंतरराष्ट्रीय विमान पकडायचे असेल तर तीन तासही जास्त नाहीत, कारण इमिग्रेशनची रांग तेथे लागू शकते. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत. स्वस्तात मिळतात म्हणून दोन वेगळी तिकिटे घेतली आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्या कंपनीवर आपली काहीही जबाबदारी नसते; सामानही मध्येच काढून पुन्हा द्यावे लागते.

घरापासून मुक्कामापर्यंत

पुण्यातून टोकियोला कामासाठी जाणाऱ्यांनी विमानाच्या आठ तासांवर प्रवासाचा बेत आखू नये. पुण्याहून मुंबई विमानतळ रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर; घाटातली कोंडी धरून चार तास. विमानतळावर सुटण्याच्या तीन तास आधी पोहोचावे. नारिताला उतरल्यावर इमिग्रेशन, सामान आणि कस्टम्स यांना सव्वा तास, आणि नारिता एक्स्प्रेसने टोकियो स्थानकापर्यंत आणखी तासभर. बेरीज सव्वासतरा तास, त्यात विमानाचे निम्म्याहून कमी. हानेदाचे तिकीट थोडे महाग मिळत असले तरी शहराच्या दक्षिण भागात मुक्काम असणाऱ्यांनी या शेवटच्या तासाची किंमत तिकिटाच्या फरकाशी ताडून पाहावी.

परतीचा बेत आखताना नऊ तास चाळीस मिनिटेच धरावीत, मग तिकिटावर काहीही छापलेले असो. हिवाळ्यात मुंबईहून पुढे रात्रीची रेल्वे किंवा बस पकडायची असेल, तर विमान गेटला लागण्याच्या छापील वेळेपासून किमान तीन तासांनंतरची गाडी निवडावी: अर्धा तास वाऱ्याने वाढू शकतो, तासभर इमिग्रेशन आणि सामानात जातो, आणि उरलेला वेळ संध्याकाळी अंधेरीहून दादर गाठायला लागतो.